धुळा दारात उभा

मेलेल्या माणसालाही काही रीतभात असावी, एवढंच अनसाक्काचं म्हणणं आहे. धुळा गेल्यापासून अख्ख्या गल्लीच्या स्वप्नात जाऊन आला. पलीकडच्या शेवंताच्या स्वप्नात आला, गिरणीवाल्या खाशाबाच्या आला, आणि जिनं जिवंतपणी त्याला कधी पाण्याचा तांब्या पुढं केला नाही, त्या कोंडाबाईच्याही स्वप्नात जाऊन उभा राहिला. सगळे सांगतात ते एकच. दारात उभा होता, हातात दावं होतं, बोलला काहीच नाही. आम्ही म्हटलं, आमचं न्हाई रं काही. तर मान हलवली आणि गेला पुढच्या दाराला. आणि जिनं स्वतःचं पोर एका मांडीवर आणि हा दीर दुसऱ्या मांडीवर घेऊन वाढवला, त्या वहिनीच्या स्वप्नात मात्र एकदाही पाऊल टाकत नाही.

"सारी गल्ली पायाखाली घातलीस," अनसाक्का बसल्या जागी पुटपुटते, "आन वैनीचं दार तेवढं दिसंना व्हय रं तुला?"

"कुणाशी बोलतीस आई?" शेजारी बसलेला सर्जेराव दचकून विचारतो.

"तुझ्याशी न्हाई."

दोघं मायलेक कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसलेत. उन्हं पायापर्यंत आलीत. कोर्टाची जेवणाची सुट्टी संपली की अनसाक्काचा जबाब आहे. कच्चा कैदी जेलमध्ये मेला की कसा मेला याची मॅजिस्ट्रेट चौकशी करतात. जेलवाल्यांनी लिहून दिलंय, मनोरुग्ण होता, वेडाच्या भरात स्वतःच भिंतीवर डोकं आपटून घेतलं. आता घरच्यांना काय म्हणायचंय तेवढं विचारायचं राहिलंय.

"आई, परत सांगतो," सर्जेराव खालच्या आवाजात म्हणतो. "दोनच वाक्यं. धुळाकाका आमच्यात राहत नव्हता. आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. बास. अंगठा लावायचा आणि घरी."

"दोन वाक्यं आन दोन्ही खोटी. तुला शाळंत घातला ते वाया न्हाई गेलं."

"मग काय सांगणार तू? आमचा होता म्हणून? आणि मी फोनवर पोलिसाला जे सांगितलं त्याचं काय?"

"काय सांगितलंवतंस? म्हण की. जीभ झडली?"

सर्जेराव मिशीला हात लावतो, काढतो. चाळिशीचा बाप्या, दूध संघात चिकटलेला, गावात चार माणसं त्याला राम राम घालतात. तो फरशीकडे बघत म्हणतो, "आमचा न्हाई म्हणून सांगितलं. त्या रात्री दारात पेट्रोलच्या बाटल्या घेऊन लोक उभे होते, आई. सगळ्यांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ. पोरं पळवणाऱ्याचं घर म्हणून. आत माझी लेकरं झोपलेली. तू काय केलं असतंस?"

अनसाक्का त्याच्याकडे पाठ करून बसते.

"आज तू आमचा म्हणालीस, की मी खोटा ठरतो. सगळ्या गावापुढं. उद्या कुठल्या तोंडानं डेअरीत जाऊ?"

"हाय त्याच. दुसरं कुठनं आणणार?" ती म्हणते. लवट्यांच्या घराचं नाव तिनं स्वतःच्या हिमतीवर वर काढलं. नवरा धोंडीराम मेंढरांमागं फिरता फिरता गेला, तेव्हापासून घरातलं कधी चावडीवर जाऊ दिलं नाही. आज एकाचं तोंड पुसायचं तर दुसऱ्याचं काळं होणार. पोटचा की मांडीवरचा, एवढाच हिशेब आहे, आणि तो काही केल्या सुटत नाही.

सर्जेराव चहा आणायला उठून जातो. अनसाक्का डोकं भिंतीला टेकते. व्हरांड्याच्या टोकाला टायपिंगवाला कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र बडवतोय. टकटक, टकटक. ऊन पापण्यांवर येतं. टकटक हळूहळू ओळीला लागते, लहान लहान खुरांची होते, आणि बाकाखालून एक शेळी निघून जाते.

अनसाक्का पाय वर घेते. कोर्टात शेळ्या कुणी सोडल्या, असं तिच्या मनात येतं, पण नवल वाटत नाही. शेळीमागं दुसरी, दुसरीमागं करडू. सगळी व्हरांड्यातून ओळीनं चाललीत, आणि पार पलीकडच्या दारात, तिच्याकडे पाठ करून, धुळा उभा आहे.

शर्टाची बटणं नेहमीसारखी एक घर सोडून लावलेली. पायात काही नाही. आणि डोकं उघडं.

"डोस्कं उघडं टाकून फिरतुयास?" अनसाक्का पहिल्यांदा तेच म्हणते. "कोण मेलं?"

धुळा वळून बघतो. "मी की, वैनी."

"ते ठावं हाय मला. पटका कुठाय?"

"पोलिसानं ठिवला."

खरंच. पटका पुरावा म्हणून गेला. त्या पटक्यानंच तर घात केला. गावात धुळाचं काम एकच होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांजेला रानातून जित्राबं परतली की एखादी शेळी चुकून भलत्याच कळपात शिरायची. धुळाला ती बरोबर दिसायची. तो तिला दाव्यानं धरायचा आणि एकेका दारात नेऊन मुकाट उभा राहायचा. आतून कुणीतरी बाहेर यायचं. आपली नसली तर म्हणायचं, न्हाई रं, आमची न्हाई. की हा पुढच्या दाराला. आपली असली तर तिचं नाव घेऊन हाक मारायची, म्हणायचं आमची हाय, आणि दावं हातात घ्यायचं. तेव्हाच धुळा सोडायचा. नुसतं बोट दाखवून त्यानं कधी कुणाला शेळी दिली नाही. त्याला आकडे येत नव्हते, परक्यापुढं तोंडातून शब्द निघत नव्हता, कुणी गोड बोललं की कशालाही मान हलवायचा. पण या कामात त्याची चूक कुणी दाखवावी.

"हिकडं ये," अनसाक्का म्हणते.

तो येत नाही. पुढच्या दाराकडे सरकतो. दारावर नंबर लिहिलाय, पण आतून काळा कोट घातलेला खाशाबा गिरणीवाला डोकावतो, भुवया पिठानं पांढऱ्या. "आमचा न्हाई रं," म्हणतो आणि दार लावून घेतो. धुळा पुढच्या दाराला. तिथून कोंडाबाई. "आमचा न्हाई." दार बंद.

आमचा? अनसाक्का उठून त्याच्यामागं चालू लागते. शेळी घेऊन आला असता तर आमची म्हटलं असतं. ती त्याच्या हातातल्या दाव्याकडे बघते. हातातून ते खाली जातं, गुडघ्यापाशी वळसा घेतं आणि परत वर येतं. त्याचं दुसरं टोक त्याच्या स्वतःच्याच गळ्यात आहे. सैल, जित्राबाला बांधतात तसं.

धुळा स्वतःलाच घेऊन दारोदार फिरतोय.

अनसाक्काचा पाय जिलबीच्या पाकात चिकटतो. ही बाजाराची गल्ली आहे. तालुक्याचा बाजार, दोन्हीकडे माड्यांची घरं, पायऱ्यांवर चपला. धुळाच्या डोक्यावर आता पटका नाही कारण तो त्यानं सोडून एका पोरीच्या मनगटाला बांधलाय. पोरगी एवढीशी, नवा झगा, तोंडाला जिलबी माखलेली. बाजारात आईचा हात सुटलेला. धुळानं केलं ते त्याला येत होतं तेच. एका दारात उभा. न्हाई. दुसऱ्या दारात उभा. न्हाई. तिसऱ्या दारातल्या माणसानं हातात मोबाईल धरलाय, आणि पोरीच्या मनगटाची ती गाठ गल्लीभर, तालुकाभर दिसायला लागलीय.

अनसाक्का पोरीपुढं उकिडवी बसते. "भ्यालीस का गं बाय?"

"न्हाई," पोरगी म्हणते. "लोक वरडली तवा भ्याले."

"मग सांगितलं का न्हाईस कुणाला?"

"कुणी इचारलं न्हाई."

"मला तरी कुणी इचारलं," अनसाक्का म्हणते, आणि तिला वाटतं या पोरीला उचलून कडेवर घ्यावं, आत सायबापुढं उभं करावं. ती हात पुढं करते तर हाताला गार लोखंड लागतं.

जेलचं फाटक. त्यातलं छोटं दार, त्या दारातली खिडकी, खिडकीत तोंड.

"नाव?"

"अनसाबाई धोंडीराम लवटे."

"कैद्याशी नातं?"

"वैनी हाय मी त्याची. त्याला भरवाय लागतं. परक्याच्या हातचं खात न्हाई त्यो."

"इथं बेवारस लिहिलंय. मनोरुग्ण, बेवारस. नातं असल्याचं काय दाखवता?"

हे सगळं जागेपणीही झालेलं आहे, शब्दाला शब्द. तेव्हा ती फाटकापुढं ओरडून ओरडून दमली होती, आणि शेवटी भाकरीचं फडकं तिथंच पायरीवर ठेवून आली होती. आताही ती कंबरेवर हात ठेवते. "बेवारस हाय तर तुमी व्हा की वारस. न्या घरी. तुमच्या बायकूला सांगा, भाकर कुस्करून दूध घालून दे म्हणावं."

खिडकीतलं तोंड खाली बघतं. मिशीला हात लावतं, काढतं. सर्जेरावचं तोंड आहे ते.

अनसाक्काचे कंबरेवरचे हात खाली येतात. खिडकी बंद होते, पण ती आता फाटकाच्या आतल्या बाजूला आहे. लांबच लांब दारांची ओळ. गजांची दारं, आत गर्दी, घामाचा वास. धुळा एका दारापुढं उभा.

"हितं कशाला हुबा ऱ्हातुस रं? हितं कोण येणार हाय तुझं?"

"मालक येतोय का बघत व्हतो."

"मग?"

"आतनं म्हणले, पळ." धुळा इकडे बघतो, तिकडे बघतो. "पळायला जागा नव्हती, वैनी."

"कुणी मारलं? आतल्यांनी का भाईरच्यांनी? नाव न्हाई तर तोंड सांग. टकल्या व्हता, काळा व्हता, काय व्हता? मी हुडकून काढीन, भाड्याला."

तिनं मोजायला सांगितलं की धुळा जसा बघायचा तसा बघतो. ओठ हलतात. मग म्हणतो, "दारं लई व्हती."

त्याच्या कानामागं केस चिकटलेत. ती पदर घेऊन पुसायला जाते, तो मान मागं घेतो, न्हाऊ घालताना घ्यायचा तशी. पुसायला काही उरलेलं नाही, तरी ती पुसते.

"आन तू म्हणं भित्ताडावर डोस्कं आपटून घेतलंस."

"न्हाई."

"ठावं हाय. दुखतं म्हणून तू टाचणी टोचून घेत न्हाईस."

धुळा हसतो. दात तेवढेच पुढं. आजूबाजूची दारं बंद होत जातात, गजांमधून कुडाच्या भिंती उगवतात, वर लिंबाची सावली येते. हे तिचं अंगण आहे, फक्त त्यात कोर्टाचा बाक आहे, आणि ती त्यावर बसलीय. समोर तिच्याच घराचं दार, उंबऱ्याला हळदीकुंकू. धुळा अंगणाच्या कडेला थांबलाय. पुढं येत नाही.

आता अनसाक्का खरी चिडते. "सगळ्यांच्या दारात गेलास. त्या कोंडीच्या दारात गेलास. मला काय रोग झालाय? माझ्या दारात का न्हाई?"

"सर्जा न्हाई म्हणला."

"त्यो म्हणला. मी म्हणले?"

"दार एकच हाय," धुळा समजावून सांगतो, तिला कळत नाही म्हणून सावकाश. "एकदा न्हाई म्हणलं का त्या दारात पुन्यांदा हुबं ऱ्हायाचं न्हाई. आपुन भिकारी न्हाई. लवटे हाय. तूच सांगितलंस."

तिनंच सांगितलं होतं. तो लहान होता, एकाच दारात तीन तीनदा जायचा, लोक हसायचे, हाड म्हणायचे. तिनं कान धरून शिकवलं होतं, आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसायला वर्ष लागायचं. पण बसली की बसली. मेल्यावरसुद्धा निघाली नाही. अनसाक्काला एकाच वेळी रडू येतं आणि छाती भरून येते. एवढा मोठा तालुका, एवढी शिकलेली माणसं, आणि तिचा शब्द पाळणारं हे एकच.

"सर्जावर राग हाय का तुझा?"

"सर्जा ल्हान हाय," धुळा म्हणतो.

"ल्हान? मिशा बघ त्याच्या."

"ल्हान हाय. भेतो."

ती दाव्याला हात घालायला उठते. धुळा झटकन दावं मागं घेतो, जवळ येतो आणि हातानं तिला खाली दाबतो. बाकावर. "बस, वैनी. तू उठलीस की भांडतीस. मालक ईपर्यंत बस." आणि तिच्या पदराचं टोक घेऊन बाकाच्या लोखंडी हाताला बांधून टाकतो. एका हातानं, न बघता, वळसा आणि वळशाखालून टोक, शेळी खुंट्याला बांधतो तसा.

"मला बांधतुस? अरं मुडद्या—" ती ओरडते, आणि शब्द तोंडात अडकतो. जन्मभर त्याला तिनं याच नावानं हाक मारली.

धुळा तिच्याकडे बघतोय. वाट बघतोय.

"मुडद्या तर मुडद्या," ती म्हणते. "तुला दुसरं नाव कुठनं आणू?"

तो खुशीत मान हलवतो. मग अंगणाच्या कडेला जातो, दाव्याचं टोक पुढं धरतो आणि उभा राहतो. दारांपुढं राहायचा तसाच. त्याला आता कुणीतरी म्हणायला पाहिजे. एवढंच पाहिजे, नावानं हाक मारायची, आमचा म्हणायचं, दावं धरायचं.

अनसाक्का तोंड उघडते. जिभेवर येतं ते, 'आमच्यात राहत नव्हता.' ती ते थुंकून टाकते. पुन्हा उघडते. 'आमची कुणाविरुद्ध.' तेही थुंकते. अंगणात ते शब्द पडतात, सर्जेरावच्या आवाजात, चोळामोळा झालेले. धुळाचा हात तसाच पुढं आहे. लिंबाची सावली त्याच्यावरून सरकायला लागलीय. ती तिसऱ्यांदा तोंड उघडते, आणि कुठूनतरी दुसराच आवाज फुटतो, मोठा, सरकारी,

"अनसाबाई धोंडीराम लवटेऽऽ! हाजीर आहे काऽऽ!"

ऊन आहे. टायपिंगवाला आहे. पट्टेवाला दारात उभा राहून तिच्याच तोंडावर ओरडतोय. सर्जेराव समोर वाकलाय, हातात चहाचा कागदी कप, वर साय धरलेली.

"आई. ऊठ. पुकारलं. लक्षात आहे ना? दोनच वाक्यं."

अनसाक्का उठते, आणि खांद्याला हिसका बसून परत खाली बसते.

पदर बाकाच्या लोखंडी हाताला बांधलेला आहे.

सर्जेराव आधी वैतागतो. "कसला गुंता केलास..." म्हणत गाठीला हात घालतो, आणि थांबतो. वळसा, वळशाखालून टोक. त्याचा हात तिथंच राहतो. लहानपणी तो आणि धुळा एकाच खुंट्याशी खेळले. अशी गाठ गावात दुसरं कुणी मारत नाही. चहा कपातून त्याच्या मनगटावर सांडतो, तरी तो कप सरळ धरत नाही.

"आई, ही..."

"हात लावू नगं. तुला सुटायची न्हाई."

"आजी, साहेब खोळंबलेत," पट्टेवाला म्हणतो.

"खोळंबू द्या. आमी लई खोळंबलो."

ती टोक धरून ओढते. गाठ एका हिसक्यात सुटते. ती पदर खांद्यावर घेते आणि दारातून आत जात नाही. उंबऱ्यावर उभी राहते, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत टेबलामागं मॅजिस्ट्रेट बाई पेन थांबवून वर बघतात. जेलचे दोन शिपाई भिंतीला टेकून उभे आहेत, ते सरळ होतात.

"आई," मागून सर्जेराव म्हणतो. आवाज लहान पोराचा आहे. "माझं काय?"

"तुझं मागनं बघू. तू जिता हायेस, तुला टाइम हाय."

मग ती आतल्या कुणाकडेही बघत नाही. व्हरांड्याच्या टोकाकडे तोंड करते, जिथं ऊन पडलंय आणि कुणीच उभं नाही, आणि रानातून जित्राबं बोलवायचा तो आवाज काढते. टायपिंगवाल्याची बोटं थांबतात.

"धुळा! ए मुडद्या, ऐक! चुकलेली पोर दारोदार नेलीस, त्यात तुझं काय बी चुकलं न्हाई. न्हाई म्हणलेल्या दारात परत आला न्हाईस, त्यात बी चुकलं न्हाई. चुकलं त्यांचं, ज्यांनी दार उघडून तुझ्याकडं नीट बघितलं न्हाई. त्यांच्यावर माजी तक्रार हाय, आन ती मी आज हितं लिवून देणार हाय. तू चोर न्हाईस. बेवारस न्हाईस. लवट्यांचा धुळा हायेस तू, आमचा हायेस. हे बग, आलेय मी भाईर. आण ते दावं हिकडं!"